कामासाठी मुंबईला जावे का?

अभ्यासपाठ
वाचन: रूथ, अध्याय १ व २, लूक १४:२८-३०



पावसाळा तोंडावर आला, परीक्षांचे निकाल लागले, आयटीआयची प्रमाणपत्रे हातात पडली की आमच्या पनवेलच्या अभ्यासवर्गात दरवर्षी एकच विषय निघतो. वर्गात येणारी बहुतेक मुले पनवेल तालुक्यातील कातकरी आणि ठाकर वाड्यांवरची आहेत. कोणी कर्नाळ्याच्या बाजूचा, कोणी माथेरानच्या पायथ्याच्या धोदाणी-मालडुंगे भागातला. त्यांच्या घरात पगाराची नोकरी धरणारी ही पहिलीच पिढी. आणि प्रश्न असा की, मुंबईत काम मिळते आहे, जावे का?

या प्रश्नाला आपल्या मंडळीत दोन तयार उत्तरे आहेत. काही वडीलधारी म्हणतात, "शहर वाईट, मुलगा बिघडेल, घरीच राहू दे." काही म्हणतात, "मुंबईला गेल्याशिवाय कोणाचे भले झाले आहे? जाऊ दे." दोन्ही उत्तरे प्रेमाने दिलेली असतात, पण दोन्हींत हिशेब नसतो. श्रीमंत घरातला मुलगा मुंबईला जाऊन हरला तर सहा महिन्यांनी घरी येतो, एवढेच. वाडीवरचा मुलगा हरला तर मागे कर्ज उरते, आणि ते कर्ज कोणाच्या अंगावर जाते हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून हा पाठ कागद-पेन्सिल घेऊन वाचावा.

१. बेथलेहेम, मवाब आणि परत

रूथच्या पुस्तकाची सुरुवातच स्थलांतराने होते. बेथलेहेम या नावाचा अर्थ भाकरीचे घर, आणि त्याच गावात दुष्काळ पडतो. अलीमलेख बायको नामी आणि दोन मुलांना घेऊन मवाब देशात जातो. पोटासाठी घर सोडणाऱ्या या कुटुंबाला लेखक कुठेही दोष देत नाही. भूक लागली तर माणूस निघतो, हे पवित्र शास्त्र जसे आहे तसे सांगते. आपणही तेवढ्या संयमाने बोलावे.

पण पुढे पाहा. तिथे नवरा जातो, मग दोन्ही मुलगे जातात. सुमारे दहा वर्षांनंतर नामी परत निघते, कारण देशात पुन्हा अन्न आहे अशी बातमी तिच्या कानी येते. म्हणजे दहा वर्षांतही गावाशी तिचा धागा तुटलेला नव्हता. ती पोहोचते ती सातूच्या हंगामाच्या आरंभी, कामाच्या दिवसांत. आणि तिच्याबरोबर आलेली रूथ त्या गावात परकी असूनही जगते. कशाच्या आधाराने? सरव्याच्या. शेताच्या कडा पूर्ण कापू नयेत, पडलेली कणसे गरिबासाठी व परक्यासाठी राहू द्यावीत, असा नियम लेवीय १९ मध्ये आहे. रूथ कष्टाळू होती हे खरेच. पण शेतात कोणी काही सोडलेच नसते तर तिने वेचले काय असते?

या गोष्टीतून तीन प्रश्न घेऊन पुढे जाऊ. तिथे जगायला खर्च किती? मागचे दार उघडे राहते का? आणि जिथे जायचे तिथे नवख्यासाठी काही सोडलेले आहे का?

२. बुरुजाचा खर्च

बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हा प्रभूचा दृष्टान्त शिष्यत्वाविषयी आहे. पण प्रभूने उदाहरण घेतले ते सगळ्यांना पटणाऱ्या व्यवहारातले, आणि तो व्यवहार आपण सोडण्याचे कारण नाही.

मागच्या वर्षी आमच्या वर्गातील एका तरुणाने आपला प्रश्न सर्वांपुढे ठेवला. नाव सांगत नाही. वय बावीस, आयटीआयचे वीजतंत्रीचे प्रमाणपत्र. घरी आईवडील आणि सातवीत शिकणारी बहीण. वडील दर दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. मुलाला दोन ठिकाणी काम मिळत होते. एक मुंबईत फोर्ट भागात, कार्यालयाच्या इमारतीची देखभाल, पगार १९,००० रुपये. दुसरे तळोजा औद्योगिक वसाहतीत एका कंत्राटदाराकडे, पगार १४,५०० रुपये. घरातल्या सगळ्यांचे मत झाले होते की साडेचार हजार जास्त म्हणजे मुंबईच.

आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. आकडे त्या मुलाने चौकशी करून आणलेले आहेत. वाचकांनी आपापले घालावेत. रीत महत्त्वाची आहे.

पहिली पायरी, हातात येणारा पगार. सांगितलेला पगार आणि हातात पडणारा पगार एक नसतो. भविष्य निर्वाह निधीला मूळ पगाराच्या १२ टक्के जातात. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर कर्मचारी राज्य विम्याचे ०.७५ टक्के जातात. व्यवसाय कराचे महिना २०० रुपये. मुंबईच्या कामात मूळ पगार १२,५०० होता. म्हणून १,५०० आणि १४३ आणि २०० वजा जाऊन हातात १७,१५७. तळोज्याच्या कामात मूळ पगार १०,०००. तिथे १,२०० आणि १०९ आणि २०० वजा जाऊन हातात १२,९९१. ही कपात वाया जात नाही हेही मुलांना सांगावे. निधीत मालकही आपला वाटा भरतो, आणि विम्यामुळे आजारपणात दवाखाना मिळतो. जिथे काहीच कापत नाहीत तिथे बहुधा काही मिळतही नाही.

दुसरी पायरी, महिन्याचा खर्च. मुंबईत राहायचे तर गोवंडीला चौघांत एक खोली, वीज-पाण्यासह वाट्याला ५,५००. दोन वेळचा डबा ४,०००, चहा-नाश्ता १,२००, गाडीचा पास व बस ५००, मोबाईल ३००, साबण-औषध-कपडे ८००, महिन्यातून दोनदा घरी येणे ४००. एकूण १२,७००. शिल्लक ४,४५७.

तळोज्याला वाडीवरून जायचे तर मिनीडोर आणि बसला १,६००, घरखर्चात वाटा २,५००, चहा ६००, मोबाईल ३००, इतर ८००. एकूण ५,८००. शिल्लक ७,१९१.

साडेचार हजार जास्त पगाराच्या नोकरीत महिन्याला २,७३४ रुपये कमी उरत होते. वर्ग गप्प झाला. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, काम मुंबईला आणि राहणे पनवेलला असे नाही का चालणार?"

३. तिसरी वाट

तिचा प्रश्न पनवेलच्या भूगोलातून आला आहे. मुंबईवरचा भार कमी व्हावा म्हणून १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे नवे शहर उभे राहू लागले. १९९८ साली हार्बरची लोकल पनवेलपर्यंत आली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस इथून ४९ किलोमीटर, एका गाडीत बसून साधारण ऐंशी मिनिटे. मुंबईत घर न परवडणारी हजारो माणसे तेव्हापासून उलट्या दिशेने पनवेलला राहायला आली आहेत. कामाला मुंबई आणि झोपायला पनवेल, हे त्यांचे गणित. वाडीवरच्या मुलाने ते का वापरू नये?

वाडीवरून रोज मुंबई मात्र जमणारी नव्हती. वाडी ते स्टेशन एक तास, मग गाडी, मग चालणे. जाऊन-येऊन पाच-सहा तास, आणि पावसात ओढा भरला की खाडा. म्हणून आम्ही पनवेल शहरात तिघांनी मिळून खोली घेण्याचा हिशेब केला. भाडे व वीज वाट्याला २,५००, हाताने रांधून जेवण ३,०००, दुपारचे बाहेरचे व चहा १,२००, पास ७००, मोबाईल ३००, इतर ८००, दर आठवड्याला वाडीवर जाणे ४००. एकूण ८,९००. शिल्लक ८,२५७.

तिन्ही वाटांत हीच शिल्लक जास्त. किंमत मात्र रोजच्या साडेतीन तासांच्या प्रवासाची. रात्रपाळी असेल तर शेवटच्या गाडीची वेळ आधी पाहावी लागते. शरीर थकते, रविवारची उपासना झोपेत जाते, हेही त्या मुलापुढे मांडले. तो म्हणाला, "वडील भट्टीवर पहाटे तीनला उठतात, सर."

४. पहिले चाळीस दिवस

आता या पाठाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आतापर्यंतचा हिशेब गाडी सुरळीत चालू लागल्यानंतरचा होता. पण गरिबाचा निर्णय अडतो तो सुरू होण्याआधी. पहिल्या महिन्याचा पगार दुसऱ्या महिन्याच्या दहा तारखेला होतो. तोवर चाळीस दिवस खायचे काय?

मुंबईच्या खोलीचा विचार करा. डिपॉझिटचा वाटा १०,०००. गादी, बादली, बूट, गणवेश २,५००. पहिल्या महिन्याचा खर्च १२,७००. दुसऱ्या महिन्याचे आगाऊ भाडे ५,५०० आणि दहा दिवसांचे खाणेपिणे १,७००. बेरीज ३२,४००. पहिला रुपया हातात येण्याआधी एवढे पैसे लागतात. ज्याच्याजवळ नाहीत तो ते व्याजाने काढतो. बिनव्याजी मिळाले तरी महिना ४,४५७ शिलकेतून फिटायला आठवा महिना उजाडतो. महिना शेकडा पाचने काढले तर दहावा. आणि तोवर घरी एक पैसाही पाठवता येत नाही.

पनवेलच्या खोलीला डिपॉझिटचा वाटा ५,०००, स्टोव्ह-भांडी-गादी ३,०००, आणि चाळीस दिवसांचा खर्च १२,८००. बेरीज २०,८००. तिसऱ्या पगारात फिटते. तळोज्याला वाडीवरून जायला सात-आठ हजारांत भागते.

हे चाळीस दिवस आपल्या वाड्यांना नवीन नाहीत. काथ करणारे म्हणून कातकरी हे नाव पडले, असे सांगतात. खैराचे जंगल हातातून गेले आणि कोळसा व वीट ही कामे पदरात आली. पावसाळ्याच्या अखेरीस घरातले धान्य संपते, नेमके तेव्हा मुकादम वाडीवर येतो आणि उचल देतो. दिवाळीनंतर कुटुंब बिऱ्हाड डोक्यावर घेऊन भट्टीवर जाते, हजारी विटांच्या दराने उचल फेडत राहते. मुलेही बरोबर जातात, शाळा मागे राहते. हंगाम संपताना हिशेबात काही बाकी निघते, ती पुढच्या वर्षी. वेठबिगारीला १९७६ च्या कायद्याने बंदी आहे. उचलीच्या बदल्यात माणसाला बांधून ठेवणे हा गुन्हा आहे, असे बांधणारे कर्ज कायद्याने रद्द ठरते, आणि तक्रार तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे करता येते. हे प्रत्येक वाडीवर सांगितले गेले पाहिजे.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करू या. मुकादमाला जे कळते ते आपल्याला अजून पुरते कळलेले नाही. पैसा किती द्यावा यापेक्षा कधी द्यावा हे त्याला नेमके ठाऊक आहे. आपण शिष्यवृत्ती देतो, वह्या देतो, नाताळला कपडे देतो. मुलाच्या हातात प्रमाणपत्र आले की आपण टाळ्या वाजवतो आणि थांबतो. तिथून पहिल्या पगारापर्यंतचे चाळीस दिवस रिकामे पडतात, आणि त्या रिकाम्या जागेत मुकादम किंवा सावकार उभा असतो.

५. गिरणगावची खोली

कोकणातून आणि घाटावरून लाखो माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली, ती कशी टिकली? त्यांच्या हिमतीचे कौतुक आपण ऐकतो, ते खरेच आहे. पण हिमतीच्या आधी खोली होती. एका गावची माणसे चाळीत एक खोली धरत. पाळ्या वेगळ्या असल्याने एक उठला की दुसरा त्याच जागी झोपे. नवा मुलगा गावाहून आला की त्याला डिपॉझिट विचारणारे कोणी नव्हते. जेवण खाणावळवालीकडे, आणि तिचे पैसे पगार झाल्यावर. म्हणजे पहिले चाळीस दिवस गावाने आणि खाणावळवालीने मिळून सांभाळले. या बायका स्वतः सावकाराच्या कर्जात असत. त्यांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. उधारीवर जेवू घालणाऱ्यालाही कोणी उभे करावे लागते, हे त्यांनी ओळखले होते.

दुसरा धडा १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाचा. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि अनेकांचे काम कायमचे गेले. ज्यांचे गावात घर आणि थोडी जमीन होती ते गावी जाऊन दिवस काढू शकले. मागचे दार उघडे होते.

आपल्या वाडीवरच्या मुलाला मुंबईत गावची खोली नाही. त्याच्या आधी गेलेले कोणी नाही. आणि मागचे दारही कच्चे आहे. रायगड जिल्ह्यातील अनेक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. घर वर्षानुवर्षे बंद राहिले तर त्या जागेवरचा हक्क सांगणे अवघड होते. म्हणून जाणाऱ्याने काही कामे जाण्याआधीच करावीत. घरपट्टी, वीजबिल यांच्या पावत्या आईच्या हाती नीट ठेवाव्यात. वनहक्काचा दावा किंवा पट्टा असेल तर घरातले कोणी तरी ती जमीन कसत राहील याची बोलणी करावी. तो पट्टा वारसाला मिळतो, पण विकता येत नाही. जातीचा दाखला, आधार, शाळा सोडल्याचा दाखला यांच्या प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. ग्रामसभेच्या दिवशी शक्य तर गावी यावे. नामीला बेथलेहेमची बातमी कळत होती, तशी आपल्यालाही वाडीची कळत राहिली पाहिजे.

परत येण्याविषयीही एक शब्द. मुंबईहून मागे फिरणे म्हणजे हरणे, असे आपल्याकडे मानतात. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि १८९० साली ते पुण्याला हलवले. मुंबईचा खर्च झेपत नाही हे त्यामागचे एक मोठे कारण होते. म्हणून त्या कामाची थोरवी कमी झाली, असे कोण म्हणेल? ज्या ठिकाणी काम टिकते ते ठिकाण योग्य.

६. शहरातला सरवा

नवख्यासाठी शहरात काही सोडलेले आहे का? आहे, पण सांगणारे कोणी लागते. थोडक्यात नोंद करतो.

शिधापत्रिका: एक देश एक शिधापत्रिका योजनेत आपले धान्य देशातील कोणत्याही शिधावाटप दुकानात अंगठा लावून घेता येते. घरच्यांनी गावी आपला वाटा घेतला तरी कुटुंबातला बाहेर गेलेला आपला वाटा तिथे उचलू शकतो.

भाड्याची खोली: महाराष्ट्रात भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. डिपॉझिटची रक्कम करारात लिहून घ्यावी. चौघांत राहताना कोणाचे डिपॉझिट किती, तेही एका कागदावर लिहून सह्या कराव्यात.

बांधकामाचे काम: वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केले असेल तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. नव्वद दिवसांचा दाखला काम सोडण्याआधीच मागावा, नंतर ठेकेदार सापडत नाही.

असंघटित कामगारांनी ई-श्रम नोंदणी करावी. आणि पेण येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयात स्वतःच्या नावे कोणती योजना आहे याची चौकशी जाण्याआधी करावी.

आणखी एक बदल डोळ्यांपुढे ठेवावा. १२ जानेवारी २०२४ रोजी २१.८ किलोमीटरचा अटल सेतू उघडला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला विमाने उडू लागली. तो विमानतळ आपल्याच तालुक्यात आहे. म्हणजे महागडे शहर आपल्या दाराशी चालत आले आहे. त्याबरोबर काम येते, तसे भाडेही वाढते आणि जमिनीवर डोळाही पडतो. आज मुंबईसाठी शिकलेला हा हिशेब उद्या पनवेलमध्ये राहण्यासाठीही लागणार आहे.

७. मंडळीचा वाटा

त्या तरुणाचे पुढे काय झाले ते सांगतो, कारण त्यातून आपल्या कामाची दिशा कळते.

त्याची नोकरी १ जुलैला सुरू होणार होती. आदल्या वर्षी घराने २०,००० रुपये उचल घेतली होती. यंदा ती टाळायची तर दसऱ्यापर्यंत तेवढे पैसे घरात हवे होते. आम्ही फळ्यावर शेवटचा हिशेब मांडला. ऑक्टोबरच्या दहा तारखेपर्यंत तीन पगार होणार. मुंबईच्या खोलीत राहिला तर तीन महिन्यांची शिल्लक १३,३७१, आणि डोक्यावर ३२,४०० चे कर्ज. तळोज्याला गेला तर सुरुवातीचा खर्च वजा जाऊन तेरा-चौदा हजार. पनवेलच्या खोलीत राहिला तर २४,७७१, पण सुरुवातीचे २०,८०० त्यातूनच फेडायचे झाले तर हाती चार हजारही उरत नव्हते.

म्हणजे पनवेलची वाट चांगली की वाईट, हे एकाच गोष्टीवर ठरणार होते. ते २०,८०० कोण देतो, आणि परत कधी मागतो? पगाराबरोबर मागितले तर घर भट्टीवर जाणार. दिवाळीनंतर मागितले तर उचल घ्यावी लागणार नाही. रक्कम तीच, तारीख वेगळी.

मंडळीतील दोन कुटुंबांनी मिळून ते पैसे दिले. देणगी म्हणून नाही, बिनव्याजी उसने. परतफेड दिवाळीनंतर, महिना २,००० रुपये. कागदावर लिहिले, मुलाने सही केली, वडिलांनी अंगठा दिला. मुकादम नेहमीप्रमाणे गणपतीच्या सुमारास वाडीवर आला. वडिलांनी त्याला चहा दिला आणि उचल घेतली नाही. दिवाळीनंतर त्यांनी जवळच मिळेल ते काम केले. दिवस सोपे गेले नाहीत, मजुरी रोज मिळत नव्हती. पण मुलगी शाळेत राहिली आणि घराला कुलूप लागले नाही. मुलगा पहिले दोन महिने दर रविवारी उपासनेत पेंगत होता. पाळकांनी त्याला उठवू नका असे सांगितले होते.

एका घराचे असे झाले म्हणून प्रत्येकाचे होईल असे मी म्हणत नाही. कोणाला तळोजाच बरा, कोणाला वाडीवर राहून भाजीपाला बरा. पण प्रत्येक मंडळीला तीन गोष्टी करता येतील. एक, जाणाऱ्याबरोबर बसून हिशेब मांडणे. दोन, पहिल्या चाळीस दिवसांसाठी छोटा उसनवारी निधी ठेवणे आणि परतफेडीची तारीख घराच्या गरजेप्रमाणे ठरवणे. तीन, मुंबई-नवी मुंबईतील आपल्या सभासदांनी नवख्याला पहिला महिना एक कोपरा देणे. कोणाच्या घरातली रिकामी कॉट हीही शेताची न कापलेली कडा आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. अलीमलेखाचे कुटुंब गेले आणि नामी परतली. दोन्ही वेळी निर्णयामागे कोणती माहिती होती?

२. आपल्या ओळखीच्या एका तरुणाचा हातात येणारा पगार, महिन्याचा खर्च आणि पहिल्या चाळीस दिवसांचा खर्च वेगवेगळा लिहा. तीनपैकी कोणता आकडा त्याला आधी माहीत नव्हता?

३. तो गेल्यावर घरी कोणावर काय भार पडेल? त्यांना विचारले आहे का?

४. आपल्या मंडळीची मदत वर्षातून कोणत्या महिन्यात दिली जाते? वाडीवर गरज कोणत्या महिन्यात असते?

५. आपल्या घरात, दुकानात किंवा ओळखीत नवख्यासाठी सोडता येईल अशी कडा कोणती?

प्रार्थनेसाठी: या पावसाळ्यात पहिल्यांदा घर सोडून कामाला जाणाऱ्या मुलामुलींसाठी, त्यांची वाट पाहणाऱ्या आईवडिलांसाठी, आणि मुकादमाच्या आधी त्यांच्या दारी पोहोचण्याची बुद्धी आपल्याला मिळावी यासाठी.